हात, शेकेल, एफा: बायबलमधली मापे आजच्या मापांत कशी आणायची

यरुशलेमच्या जुन्या वस्तीखाली खडकात खोदलेला एक बोगदा आहे. हिज्कीया राजाच्या काळात, म्हणजे इसवी सनापूर्वीच्या आठव्या शतकाच्या अखेरीस, गीहोन झऱ्याचे पाणी शिलोहाच्या तळ्यापर्यंत आणण्यासाठी तो खोदला गेला. दोन्ही टोकांकडून खोदत आलेले कामगार मध्ये एकमेकांना भेटले आणि त्या भेटीची हकिकत भिंतीवर कोरून ठेवली गेली. १८८० साली तो लेख सापडला; आज तो इस्तंबूलच्या पुरातत्त्व संग्रहालयात आहे. झऱ्यापासून तळ्यापर्यंत पाणी १२०० हात वाहिले, असे त्यात लिहिले आहे. बोगदा अजून जागेवर आहे आणि त्याची लांबी आपल्याला मोजता येते: सुमारे ५३३ मीटर. ५३३ ला १२०० ने भागले की एक हात ४४.४ सेंटिमीटरचा येतो.

बायबलमधली मापे आजच्या मापांत आणायची म्हणजे काय करायचे, ते या एका भागाकारात दिसते. जुना मजकूर आणि हाताला लागणारी वस्तू, दोन्ही समोर ठेवायची आणि मधला दुवा शोधायचा. त्याच वेळी १२०० ही पूर्णांकी, गोळाबेरीज संख्या आहे हेही ध्यानात ठेवायचे. खोदणाऱ्यांनी ११८० किंवा १२१० हातांना १२०० म्हटले असेल, तर आपले ४४.४ लगेच थोडे सरकते. म्हणून मी हात ४५ सेंटिमीटरचा धरते आणि उत्तरापुढे ‘सुमारे’ लिहिते.

बायबल अभ्यासाच्या गटात, रविवारच्या शाळेत किंवा घरी एकट्याने वाचताना ज्यांना ही मापे अडतात, त्यांच्यासाठी हा लेख आहे. हिब्रू किंवा ग्रीक येण्याची गरज नाही. गुणाकार-भागाकार येत असला की पुरे.

पहिली पायरी: तुमच्या प्रतीत आधीच रूपांतर झाले आहे का, ते पाहा

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून हे आधी. मराठी बायबलच्या वेगवेगळ्या आवृत्त्यांत एकाच जागी वेगवेगळी मापे दिसतात. जुन्या वळणाच्या आवृत्तीत नोहाचे तारू ‘हातां’त असते, सोप्या भाषेतल्या काही नव्या आवृत्त्यांत त्या हातांचे मीटर झालेले असतात. नव्या करारात तर काही भाषांतरांनी रोमी नाण्यांना सरळ ‘रुपये’ म्हटले आहे, काहींनी ‘चांदीची नाणी’. तुम्ही ‘रुपये’ वाचून त्यावर हिशेब करायला बसलात, तर तो भाषांतरकाराच्या शब्दाचा हिशेब होईल. मूळ नाणे बाजूलाच राहील.

म्हणून किमान दोन आवृत्त्या शेजारी उघडा. एकीत हात (लांबीचा), शेकेल (वजनाचा), एफा आणि बथ (धान्य किंवा द्रव मापण्याचे) असे मूळ नाव राहिलेले असावे. तळटीप असेल तर तीही वाचा. मूळ एकक कोणते, हे कळल्याशिवाय पुढे जाऊ नका.

याच पायरीवर ‘ओमर’ आणि ‘होमर’ वेगळे करून घ्या. मराठीत एका अक्षराचा फरक आहे, पण मापात तो शंभरपटीचा आहे. मान्ना गोळा करताना माणशी एक ओमर मिळत असे (निर्गम १६). लावे पक्षी गोळा केले, तेव्हा ज्याने सर्वांत कमी जमवले त्याच्याकडेही दहा होमर होते (गणना ११:३२). सुरुवातीला मी दोन्ही एकच समजून गटात शिकवले होते आणि पुढच्या आठवड्यात ते दुरुस्त करावे लागले. ओमर सुमारे २.२ लिटरचा आणि होमर सुमारे २२० लिटरचा. बेने इस्राएल, म्हणजे मराठी यहुदी, घरातल्या वाचकाला ओमर हा शब्द पेसाह (वल्हांडण) या सणापासून शाबुओथ या सणापर्यंत मोजल्या जाणाऱ्या ४९ दिवसांमुळे ओळखीचा असेल. तो धान्याच्या याच लहान मापावरून आला आहे.

दुसरी पायरी: मजकुरातच दिलेले प्रमाण शोधा

ही पायरी मला सर्वांत मोलाची वाटते आणि घाईत नेमकी हीच गळते. एका एककात दुसरे किती, हे बायबल अनेक ठिकाणी स्वतः सांगते. तशी जागा सापडली की अंदाजावर अवलंबून राहण्याचा प्रश्न उरत नाही.

निर्गम १६:३६ म्हणते, ओमर म्हणजे एफाचा दहावा हिस्सा. यहेज्केल ४५:११ म्हणते, एफा आणि बथ एकाच मापाचे असावेत आणि दोन्ही होमराचा दहावा हिस्सा असावेत. एफा कोरड्या मालासाठी, धान्य-पिठासाठी. बथ तेल, द्राक्षारस, पाणी यांसाठी. निर्गम ३०:१३ म्हणते, एका शेकेलात वीस गेरा.

आता थोडे खोलात जाऊ. एका किक्कारात (याच वजनाला इंग्रजी बायबलमध्ये टॅलंट म्हणतात) किती शेकेल, हे बायबलमध्ये कुठेही सरळ वाक्यात लिहिलेले नाही. तरीही ते काढता येते. निर्गम ३८:२५–२६ वाचा. वीस वर्षांवरचे ६,०३,५५० पुरुष मोजले गेले आणि प्रत्येकाने अर्धा शेकेल चांदी दिली. म्हणजे एकूण ३,०१,७७५ शेकेल. तिथेच एकूण चांदी १०० किक्कार आणि १,७७५ शेकेल होती असे दिले आहे. वरचे १,७७५ वजा केले की ३,००,००० शेकेल उरतात, आणि ते १०० किक्कारांचे. एक किक्कार म्हणजे ३,००० शेकेल. हा हिशेब कागदावर स्वतः करून पाहा. आकड्यांची जंत्री म्हणून आपण जी वचने भराभर उलटतो, त्यांत केवढा चोख जमाखर्च आहे, हे तेव्हा कळते.

कधी कधी प्रमाण कळले की रूपांतराची गरजच पडत नाही. यशया ५:१० मध्ये इशारा आहे की एक होमर बी पेरले तरी एफाभरच पीक येईल. होमरात दहा एफा. दहा पायली पेरून एक पायली घरी आणण्यासारखे झाले ते. बियाणेसुद्धा परत मिळाले नाही. लिटर किती, हा प्रश्न इथे उरतच नाही. ज्याच्या घरी शेती आहे, त्याला हे वचन लगेच पोचते.

तिसरी पायरी: तीन आकडे पाठ करा

बाजारात आणि इंटरनेटवर चाळीस-पन्नास ओळींचे तक्ते मिळतात. नवख्या माणसाने ते बाजूला ठेवावेत. जुन्या करारासाठी तीन आकडे पुरतात आणि बाकीची मापे त्यांच्यातून निघतात.

हात: सुमारे ४५ सेंटिमीटर. वीत त्याच्या निम्मी, चार बोटांची रुंदी त्याचा सहावा भाग, एक बोट चोविसावा भाग.

शेकेल: सुमारे ११.३ ग्रॅम. बेका म्हणजे अर्धा शेकेल, गेरा विसावा भाग, किक्कार ३,००० शेकेल, म्हणजे साधारण ३४ किलो.

एफा किंवा बथ: सुमारे २२ लिटर. ओमर दहावा भाग. सेआ (‘माप’ असे भाषांतर होते ते) तिसरा भाग, म्हणजे ७.३ लिटर. हिन सहावा भाग, ३.७ लिटर. होमर किंवा कोर दहापट.

मराठी वाचकाला यातले पहिले दोन आकडे घरातच सापडतात. कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात, दोन वितींचा हात, चोवीस बोटांचा हात: आपला हात आणि हिब्रू हात एकाच अवयवावर बेतलेले आहेत. दोन हातांचा एक वार होतो. नऊवारी साडी म्हणजे अठरा हात. तेव्हा ३०० हातांचे तारू म्हणजे १५० वार, असा अंदाज मीटर न आठवताही बांधता येतो.

शेकेलाचे तसेच. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा, आणि ब्रिटिश काळातला चांदीचा रुपया बरोबर एक तोळ्याचा होता. शेकेल त्याहून जेमतेम तिसरा हिस्सा ग्रॅम कमी. आज सराफाकडे तोळा म्हणजे १० ग्रॅम धरतात, तो इथे चालणार नाही. जुना तोळा डोळ्यासमोर ठेवा. दुसरेही एक साम्य आहे. रुपया जसा नाणेही होता आणि वजनही, तसाच शेकेल आधी वजन होता आणि नाणे पुष्कळ नंतर झाला. अब्राहामाने सारेच्या कबरेसाठी ४०० शेकेल चांदी ‘तोलून’ दिली (उत्पत्ति २३:१६). नाणी मोजून दिल्याचे चित्र तिथे मनात आणू नका. तराजू आहे, एका पारड्यात दगडी वजने, दुसऱ्यात चांदीचे तुकडे, आणि एकूण साडेचार किलोंच्या आसपास चांदी.

हे ११.३ आले कुठून? यहूदा प्रांतातल्या उत्खननांत घुमटासारखी, तळाला सपाट अशी दगडी वजने मोठ्या संख्येने मिळाली आहेत. त्यांच्यावर खुणा कोरलेल्या असतात. एक, दोन, चार, आठ शेकेलांची वजने तोलून पाहिली की सरासरी ११.३ ग्रॅमांच्या जवळ येते. दोन वजने तंतोतंत सारखी नसतात. काही झिजलेली असतात, आणि काही मुद्दाम कमी-जास्त केलेलीही असू शकतील. अनुवाद २५:१३ मध्ये पिशवीत लहान आणि मोठी अशी दोन तऱ्हेची वजने ठेवू नको, अशी आज्ञा आहे. आमोस ८:५ मधले व्यापारी तर एफा लहान आणि शेकेल मोठा करण्याचाच बेत करतात: धान्य कमी मापायचे, चांदी जास्त घ्यायची. संग्रहालयातल्या दोन वजनांमधला फरक पाहताना मला हे वचन आठवल्याशिवाय राहत नाही.

एका वजनाने तर बायबलचा एक शब्दच उलगडला. १ शमुवेल १३:२१ मध्ये ‘पीम’ असा शब्द आहे. जुन्या भाषांतरकारांना तो लागत नव्हता; इंग्रजीच्या प्रसिद्ध जुन्या आवृत्तीत तिथे ‘कानस’ असा अर्थ केला आहे. पुढे ‘पीम’ अशी अक्षरे कोरलेली दगडी वजने सापडली, सुमारे ७.८ ग्रॅमांची, म्हणजे शेकेलाच्या दोन तृतीयांश. मग वाक्य लागले: पलिष्ट्यांकडे नांगराचा फाळ शेवटून, म्हणजे धार लावून, घ्यायला एक पीम चांदी पडत होती. लोहारकी पलिष्ट्यांच्या हातात आणि भावही त्यांचाच. आपल्या मराठी प्रतीत या वचनाचे काय केले आहे, ते जरूर उघडून पाहा.

तिसरा आकडा, २२ लिटर, तिघांत सर्वांत कच्चा आहे. ‘बथ’ हा शब्द कोरलेली मडकी सापडली आहेत, पण फुटलेली. तुकड्यांवरून पूर्ण मडके किती मोठे असेल, हे मांडून हा अंदाज काढलेला आहे. म्हणून लिटरमधले उत्तर देताना ‘सुमारे’ हा शब्द कधीही गाळू नका.

चौथी पायरी: कोणता हात, कोणता काळ?

बायबलमध्ये एकाहून जास्त हात आहेत, आणि मजकूर ते लपवत नाही. यहेज्केल ४०:५ मधल्या माणसाच्या हातातली मोजकाठी सहा हातांची आहे. त्यातला प्रत्येक हात मात्र नेहमीचा हात अधिक चार बोटांची रुंदी इतका आहे. साधा हात सहा चौबोटांचा, हा सातांचा. ४५ ला ६ ने भागून ७ ने गुणले की ५२.५ सेंटिमीटर येतात. मिसरी लोकांचा राजहातही सात चौबोटांचा असे आणि त्याची लांबीही याच्याच जवळपास आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

शलमोनाचे मंदिर ६० हात लांब, २० हात रुंद (१ राजे ६:२). २ इतिहास ३:३ मध्ये हीच मापे ‘पूर्वीच्या मापाच्या’ हाताने दिली आहेत. लिहिणाऱ्याच्या काळात हात बदललेला होता, हे त्यातून कळते. साध्या हाताने मंदिर २७ मीटर लांब होते, मोठ्या हाताने ३१.५ मीटर. अशा जागी एकच आकडा ठासून सांगण्यापेक्षा दोन्ही सांगावेत. नोहाचे तारू, कराराचा कोश, गल्याथ यांच्यासाठी मी साधाच हात धरते: तारू सुमारे १३५ मीटर लांब, २२.५ रुंद, १३.५ उंच, कोश सुमारे ११२ सेंटिमीटर लांब आणि ६७ सेंटिमीटर रुंद-उंच, म्हणजे घरातल्या एखाद्या मोठ्या पेटीएवढा.

इंटरनेटवरचे गणक वेगवेगळी उत्तरे देतात, त्याचे एक कारण इथेच आहे. काही गणक यहुदी धर्मशास्त्राच्या परंपरेतले आकडे वापरतात. त्या परंपरेत एका मताने हात ४८ सेंटिमीटर आहे, दुसऱ्या मताने ५७.६. धार्मिक आचार पाळताना कमी पडू नये, हा तिथला हेतू आहे. इतिहासाच्या दृष्टीने वाचताना ते आकडे घेऊ नका. आणि गणकाने कोणता हात धरला आहे हे लिहिलेले नसेल, तर तो गणकच घेऊ नका.

पाचवी पायरी: गुणा, गोळाबेरीज करा आणि ताडून पाहा

गुणाकार सोपा आहे. अडते ते पुढे. ४५ सेंटिमीटर हा आकडाच एखाद-दोन सेंटिमीटरने इकडे-तिकडे होणारा आहे, मग गल्याथाची उंची २९२.५ सेंटिमीटर असे दशांशासह लिहिण्याला अर्थ नाही. सहा हात आणि एक वीत म्हणजे साडेसहा हात, सुमारे २.९ मीटर. एवढे पुरे.

पण गल्याथाजवळ क्षणभर थांबा. आपल्या मराठी बायबलच्या मागे जो हिब्रू मजकूर आहे, त्यात सहा हात एक वीत आहे. मृत समुद्राजवळ सापडलेल्या शमुवेलाच्या गुंडाळीत आणि प्राचीन ग्रीक भाषांतरात चार हात एक वीत आहे. म्हणजे सुमारे दोन मीटर, पावणेसात फुटांच्या आसपास. तोही त्या काळी चांगलाच धिप्पाड ठरला असता. एकक बरोबर धरले तरी संख्या हस्तलिखितागणिक वेगळी असू शकते, याचे हे ठळक उदाहरण आहे. गल्याथाचे चिलखत ५,००० शेकेल पितळेचे, म्हणजे ५६ किलोंच्या वर. भाल्याचे लोखंडी पाते ६०० शेकेल, सुमारे ६.८ किलो.

ताडून पाहण्यासाठी माझे आवडते उदाहरण शलमोनाच्या मंदिरातल्या त्या ओतीव पात्राचे आहे, ज्याला मराठी वाचक गंगाळसागर म्हणून ओळखतात. १ राजे ७:२३–२६ मध्ये त्याचा व्यास १० हात, उंची ५ हात, घेर ३० हात, आणि त्यात २,००० बथ मावत असे दिले आहे. लांबीचे एकक आणि धारणेचे एकक एकाच वस्तूवर! दोन्हींची परीक्षा एकदम होते. पात्र सरळ भिंतीचे, डब्यासारखे धरले आणि हात ४५ सेंटिमीटरचा धरला, तर त्रिज्या २.२५ मीटर, उंची २.२५ मीटर, आणि आत मावतील ३५,८०० लिटर. २,००० ने भागले तर बथ १८ लिटरांचा. हात ५२.५ सेंटिमीटरचा धरला तर ५६,८०० लिटर, बथ २८ लिटरांचा. पात्र वाटीसारखे अर्धगोल असेल, तर मोठ्या हातानेसुद्धा बथ १९ लिटरांवर येतो. शिवाय भिंतीची जाडी चार बोटे दिली आहे. ती वजा केली की हे सगळे आकडे आणखी खाली येतात. आपले २२ लिटर या पल्ल्याच्या मधोमध बसतात. उत्तर नेमके येत नाही, पण पूर्ण चुकीचेही ठरत नाही. त्यातच २ इतिहास ४:५ मध्ये त्याच पात्रात ३,००० बथ मावत असे लिहिले आहे. दोन ठिकाणांतला हा फरक झाकू नका. वर्गात दोन्ही वचने वाचून दाखवा.

ताडून पाहण्याची दुसरी रीत साधी आहे: माणसाला ते उचलता येईल का? रूथने दिवसभर सरवा वेचून झोडपला, तेव्हा एफाभर जव भरला (रूथ २:१७) आणि तो उचलून ती गावात गेली. २२ लिटर जवाचे वजन साधारण साडेतेरा किलो. डोक्यावरून नेता येईल, आणि एका दिवसाचा सरवा म्हणून डोळ्यांत भरेल इतके. उत्तर पटते. एखाद्या तक्त्याने एफा ४० लिटरांचा दिला असता, तर रूथच्या डोक्यावर पंचवीस किलोंचे ओझे आले असते.

इथे एक खबरदारी घ्या. एफा हे माप आहे, वजन नाही. आपल्याकडे शेर-पायलीने धान्य मोजणाऱ्या घरांत हे वेगळे सांगावे लागत नसे. पायलीभर गहू आणि पायलीभर साळ यांचे वजन वेगळे भरते, हे सगळ्यांना ठाऊक होते. लिटरांचे किलो करायचे असतील तर कोणते धान्य आहे ते आधी पाहा. जव एका लिटरला सुमारे ६००–६५० ग्रॅम, गहू ७५० ग्रॅमांच्या वर, पीठ त्याहून बरेच हलके.

सहावी पायरी: नवा करार वेगळा धरा

नव्या करारात आपण रोमी-ग्रीक जगात येतो आणि एकके बदलतात. अंतरासाठी स्टेडियन, सुमारे १८५ मीटर. अम्माऊस गाव यरुशलेमेपासून ६० स्टेडियन, म्हणजे ११ किलोमीटर. बेथानी १५ स्टेडियन, पावणेतीन किलोमीटर, अर्ध्या-पाऊण तासाची चाल. ‘शब्बाथ दिवसाची मजल’ (प्रेषितांची कृत्ये १:१२) यहुदी परंपरेप्रमाणे २,००० हातांची, म्हणजे किलोमीटरभराहून थोडी कमी. पौलाचे जहाज वादळात सापडले तेव्हा खलाशांनी खोली मोजली: आधी वीस वाव, पुढे पंधरा वाव. कोकणातल्या मच्छीमाराला हे समजावून सांगावे लागत नाही, पसरलेल्या दोन हातांचा एक वाव. ग्रीक वाव सुमारे १.८५ मीटरांचा, तेव्हा ३७ मीटर आणि मग २८ मीटर. किनारा जवळ येत होता.

काना गावच्या लग्नातले सहा दगडी रांजण (योहान २:६) प्रत्येकी दोन किंवा तीन ‘मेत्रेतेस’चे होते. एक मेत्रेतेस सुमारे ३९ लिटर. सहा रांजणांत मिळून ४७० ते ७०० लिटर. जुन्या मराठी भाषांतरात इथे ‘मण’ शब्द आहे. चाळीस शेरांचा बंगाली मण ३७.३ किलोंचा होता आणि तेवढे पाणी ३७ लिटर भरते, तेव्हा त्या मणाने मोजले तर ही निवड मोठी नेमकी ठरते.

मरियेने ओतलेल्या सुगंधी तेलाचे (योहान १२:३) वजन एक रोमी लित्रा, सुमारे ३२७ ग्रॅम. आजच्या लिटरशी त्याची गल्लत करू नका. ते तेल जटामांसीचे होते, आणि जटामांसी उगवते हिमालयात. तीनशे ग्रॅम तेलाची किंमत ३०० देनारियस (रोमी चांदीची नाणी) का होती, याचे उत्तर त्या वाटेच्या लांबीत आहे.

सातवी पायरी: पैशांचे रूपांतर मजुरीने करा

३०० देनारियस म्हणजे आजचे किती रुपये? हा प्रश्न प्रत्येक गटात येतो. चांदीच्या आजच्या भावाने उत्तर काढू नका. ऑगस्टस बादशहाच्या काळातल्या देनारियसमध्ये सुमारे ३.९ ग्रॅम चांदी होती, पण चांदीची तेव्हाची किंमत आणि आजची यांचा काही मेळ नाही. शिवाय सराफाचा भाव रोज बदलतो.

त्याऐवजी मत्तय २० घ्या. द्राक्षमळ्याच्या मालकाने मजुराला दिवसाचा एक देनारियस ठरवला. तेव्हा एक देनारियस म्हणजे एक दिवसाची मजुरी. ३०० देनारियसचे तेल म्हणजे शब्बाथ आणि सण वगळता मजुराची जवळजवळ वर्षाची कमाई. तुमच्या गावात शेतमजुराला आज दिवसाला जे मिळते त्याला ३०० ने गुणा. वर्गातल्या प्रत्येकाला ते लगेच समजते.

आता हीच रीत मत्तय १८ ला लावा. चाकराला राजाचे १०,००० टॅलंट देणे होते. एका टॅलंटमध्ये ६,००० देनारियस, म्हणून सहा कोटी दिवसांची मजुरी. वर्षाला ३०० दिवस काम धरले तर दोन लाख वर्षे. त्याच चाकराचे सोबत्याकडे १०० देनारियस येणे होते: चार महिन्यांची मजुरी. दोन कर्जांचे प्रमाण सहा लाखास एक. हा दाखला मी लहानपणापासून ऐकत आले होते, पण हा भागाकार केला त्या दिवशी त्याचे खरे वजन कळले.

दुसऱ्या टोकाला विधवेची दोन दमड्यांची देणगी आहे (मार्क १२:४२). दोन लेप्टा म्हणजे एक क्वाड्रान्स, चार क्वाड्रान्सचा एक आस, सोळा आसांचा एक देनारियस. म्हणजे दिवसाच्या मजुरीचा चौसष्टावा भाग. बारा तासांचा दिवस धरला तर साधारण अकरा मिनिटांची कमाई.

जुन्या करारातही अशी मोजपट्टी मिळते. शास्ते १७:१० मधल्या लेव्याला अन्नवस्त्राशिवाय वर्षाला १० शेकेल चांदी ठरली. मग फाळाच्या त्या एका पीमची किंमत काढा: वर्षाच्या रोकडीचा पंधरावा भाग, म्हणजे तीन आठवड्यांहून जास्त दिवसांची. काळ आणि प्रदेश थोडे वेगळे असल्याने हे ढोबळमानानेच घ्यावे, तरी फाळ शेवटायला जाणारा शेतकरी कसा नाडला जात होता ते कळते.

टिपण लिहिताना

मूळ माप आधी, कंसात आजचे, त्याला ‘सुमारे’ लावून, आणि कोणता आकडा धरला ते एकदा तळाशी नोंदवून. ‘६० हात (सुमारे २७ मी.; मोठ्या हाताने ३१.५ मी.)’ असे. जिथे संख्या प्रतीकाची आहे, तिथे मूळ संख्या मुळीच खोडू नका. प्रकटीकरण २१ मधली नगरी १२,००० स्टेडियन लांब-रुंद-उंच आणि तिचा तट १४४ हात आहे. २,२२० किलोमीटर आणि ६५ मीटर असे लिहिले, की बारा वंश, बारा प्रेषित आणि बारा गुणिले बारा हे सगळे वाचकाच्या नजरेतून निसटते.

सरावासाठी शेवटी होशेय ३:२ घ्या. होशेयाने आपल्या बायकोला १५ शेकेल चांदी आणि दीड होमर जव देऊन सोडवून आणले (मूळात एक होमर आणि एक लेथेक, लेथेक म्हणजे अर्धा होमर). चांदी सुमारे १७० ग्रॅम. जव सुमारे ३३० लिटर, म्हणजे दोनशे किलोंच्या आसपास. आता निर्गम २१:३२ शेजारी उघडा. तिथे गुलामाचा भाव ३० शेकेल दिला आहे. होशेयाने त्याच्या बरोबर निम्मी चांदी दिली, आणि उरलेली रक्कम बहुधा घरच्या कणगीतून भरली.